वाळूचे तीन दिवस

बिश्केक, ८ नोव्हेंबर २०१७

जाऊबाईंना नमस्कार.

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून पत्र लिहिते आहे. फोन नुसता वाजू देता येतो. कुबातदादा मात्र दारात गाडी उभी करून पत्र हातात ठेवणार आणि तुम्ही ते घेईपर्यंत चहाची वाट बघत बसणार, हे मला ठाऊक आहे. आपल्या कोचकोरला जाणारी त्याची गाडी इथल्या बसस्थानकावरून रोज दुपारी तीनला सुटते. पाकिटाला मी टाके घातलेत, म्हणजे वाटेत तो वाचायचा नाही.

मी आपल्या उन्हाळी कुरणावरून उतरले त्याला सोळा महिने झाले. तेवढ्या काळात आपण एक शब्द बोललेलो नाही. सासूबाई बोलतात. तुमचे धाकटे दीर, म्हणजे माझे यजमान, रशियातून महिन्यातून एकदा फोन करतात, तिकडे किती थंडी आहे ते सांगतात आणि ठेवून देतात. तुम्हीच तेवढ्या बोलत नाही. आता तुम्ही बोलत नाही याचं मला नवल वाटत नाही, पण लिहायला तर कोणाची बंदी नाही.

माझं छान चाललंय. शिवणकामाच्या कारखान्यात लागले आहे. तळघरात तीस मशिनं आहेत, बायकांचे झगे शिवून रशियाला जातात. मी बाह्या जोडते. सकाळी बोटं जरा आखडलेली असतात, पण चहाचा कप धरून बसलं की सुटतात. शेजारच्या मशिनवर ओशकडची एक बाई आहे, ती दिवसभर आपल्या सुनेच्या कागाळ्या करते. तिची सून मला आवडायला लागली आहे. राहते एका रशियन म्हातारीकडे, खोलीला खिडकी आहे पण मी ती झाकून घेतली आहे. म्हातारीला वाटतं मी कोणापासून तरी लपून राहते.

तब्येतीचं तुम्ही विचारणार नाही, म्हणून मीच सांगते. इस्पितळात रक्तातला काहीतरी दोष निघाला. गोळ्या चालू आहेत. त्या गोळ्यांनी तोंड सुजून तव्यावरच्या नानसारखं गोल झालंय. सासूबाईंना फोटो पाठवला, तर म्हणाल्या, शहराचं पाणी मानवलं हो तुला. मी हो म्हटलं.

आज बाह्या जोडताना एकदम आठवलं, त्या उन्हाळ्यात माझे गुडघे धरले तेव्हा तुम्ही मला इसिक-कुल तळ्याच्या काठी नेलं होतंत. चौदा दुभत्या घोड्या भाऊजींच्या गळ्यात मारून, तुम्हाला पाचवा महिना लागलेला असताना, माझ्यासाठी दोन गाड्या बदलून. तीन दिवस गरम वाळूत मला गळ्यापर्यंत पुरायचं, आणि वाळू निवली की वरची काढून ताजी तापलेली घालायची. ओंजळी भरभरून घालत होतात. मध्येच एक जर्दाळू माझ्या तोंडात घालायचा, एक स्वतःच्या. माझ्या आईनेही माझं इतकं केलं नव्हतं. हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं, म्हणून लिहिलं.

तुमची जाऊ,
अनारकुल


बिश्केक, १९ जानेवारी

जाऊबाई,

कुबातदादा म्हणाला, पत्र घेतलं, बोलली काहीच नाही, चहा मात्र दिला. मला तेवढं पुरे.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं होतं. माझं छान चाललं नव्हतं. ते पत्र लिहिलं त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात मी कारखाना सोडला. तळघरात प्रत्येक मशिनच्या डोक्यावर पांढऱ्या नळीचा दिवा असतो, तो मला सोसत नाही. तोंडावर पुरळ येऊन आग आग व्हायची. मी तळघरातही टोपी घालून बसायची आणि बायका हसायच्या. मुकादमबाईला म्हटलं, माझी जागा बदला. तिने बदलली, एका दिव्याखालून दुसऱ्या दिव्याखाली. बोटंही तुम्हाला लिहिली तेवढी चहाच्या कपाने सुटत नव्हती, दहा वाजेपर्यंत मला सुई धरता यायची नाही. त्या वेळात माझ्या वाटच्या बाह्या ती ओशची बाई जोडायची, सुनेला शिव्या देत देत. एके दिवशी तिची स्वतःची कामं राहिली आणि तिला बोलणी खावी लागली, तेव्हा मी उठले आणि घरी आले. माझं काम दुसऱ्या बाईने करायचं आणि भोगायचंही तिनेच, हे मी पुन्हा होऊ देणार नव्हते. 'पुन्हा' का म्हणते, ते तुम्हाला कळेल.

मग मोठ्या बाजारात मोजे विकले. चारच दिवस. लोखंडी खोक्याचं दुकान, बाहेर उणे पंधरा. माझी बोटं आधी पांढरी होतात, मग निळी, मग त्यात जीव येताना रडू येतं. मालकीण भली होती. तिने मला विकायचे मोजे हातात घालायला दिले, एकावर एक तीन जोड. त्या हातांनी मला सुटे पैसे देता येईनात, आणि गिऱ्हाइकं खोळंबली.

आता बालवाडीत आहे. हे खरं आहे, हवं तर कुबातदादाला विचारा, त्याने मला सोडताना दार बघितलं आहे. मुलांना जेवू घालायचं, झोपवायचं, नाकं पुसायची. बसायला मिळतं, आत ऊबही असते. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंना अजून सांगितलं नाही. पोरं मला टोपीमावशी म्हणतात. एकजण रोज दुपारी माझं बोट धरूनच झोपतो, दुखरं बोट नेमकं तेच असतं, पण मी सोडवून घेत नाही.

मुलांचं लिहू नये तुम्हाला. लिहून गेले.

अनारकुल


बिश्केक, २३ मार्च

जाऊबाई,

नौरोज झाला. म्हातारीने मला अंडी दिली, मी तिला बोरसोक तळून दिले, कणीक नीट फुगली नव्हती. रस्त्यावर गाणी चालली होती. मी खिडकीच्या पडद्याआडून ऐकली आणि लवकर जेवून घेतलं. सणाच्या दिवशी एकटीने चहा पिताना कप खाली ठेवल्याचा आवाजसुद्धा मोठा वाटतो. तिकडे तुमच्याकडे घर भरलेलं असेल. दोघं मुलगे आता उंच झाले असतील.

बालवाडी सुटली. मुलांमध्ये कांजिण्या आल्या आणि डॉक्टरीणबाई माझ्यावर अशा तापल्या, की मीच त्यांना पाणी दिलं. त्या कोरियन आहेत, लारिसाबाई, बोलतात हळू पण शब्द चावून बोलतात. म्हणाल्या, "ज्या गोळ्या तुला जगवतात, त्याच तुझ्या अंगातले पहारेकरी झोपवून ठेवतात. आणि तू जाऊन नेमकी शेंबड्या पोरांत बसलीस." काम धरण्याआधी मला विचारलं का नाहीस, म्हणाल्या. मी म्हटलं, तुम्ही नाही म्हणाला असतात. त्या वहीत लिहीत राहिल्या.

शेवटच्या दिवशी मी पोरांना सांगितलंच नाही. झोपवलं आणि निघाले.

आता आजाराचं नाव सांगते. दोन पत्रं लपवलं, पण आता लपवून काय राहिलंय. त्याला लुपस म्हणतात. डॉक्टरीणबाईंनी नावाचा अर्थ सांगितला तेव्हा मी त्यांना थांबवलं होतं. अर्थ आहे तो, कळपाच्या मागे लागणारा, ज्याचं नाव आपल्या घरात उन्हाळ्यात कोणी तोंडातून काढत नाही. म्हणून सासूबाईंना मी 'रक्तातला दोष' एवढंच सांगितलं. तुम्हीही हे पत्र मेंढ्यांच्या वाड्याजवळ वाचू नका. हसू नका, मी खरंच सांगते.

आपलंच अंग आपल्यावर उलटतं, असं आहे ते. सांधे धरतात, ताप येतो, कधी उठवतच नाही, आणि कधी आठ दिवस असं वाटतं की काही झालंच नव्हतं. तेच वाईट. आठ दिवस चांगले गेले की लोकांना वाटतं ही आधी सोंग करत होती, आणि नवव्या दिवशी पडले की वाटतं ही आता सोंग करते आहे. नाकावरून दोन्ही गालांवर लाली पसरते, ती या आजाराची खूण.

आपल्याकडे कोणाला कळणार होतं ते. आपण उंचावरची माणसं, सगळ्यांचेच गाल तांबडे. सासूबाई मला बघायला आल्या तेव्हा त्यांनी आधी गालच बघितले होते आणि आईला म्हणाल्या होत्या, पोरगी दणकट आहे. मी कुरणावर पडून होते तेव्हा तुम्ही युर्त-तंबूच्या दारात उभ्या राहून म्हणालात, "गालांवर सफरचंदं पिकलीत, आणि म्हणे उठवत नाही." तुमचं काय चुकलं? मीही आरशात बघायची आणि मला वाटायचं, एवढी तांबडीलाल बाई आजारी कशी असेल, मी आळशीच असले पाहिजे. त्या महिन्यात माझ्यावर सगळ्यांत जास्त संशय मी घेतला, जाऊबाई. तुमचा नंबर नंतरचा.

डॉक्टरीणबाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली आहे. ती मी तुम्हाला लिहिणार नाही.

अनारकुल


बिश्केक, २१ एप्रिल

जाऊबाई,

कुबातदादा एक निरोप घेऊन आला. म्हणजे निरोप नव्हता, तुम्ही त्याला विचारलंत एवढंच: "तिला आता काम आहे का?" त्याने मला सांगितलं आणि मी दिवसभर ते वाक्य घेऊन बसले. त्यात माया आहे की टोमणा, ते काही केल्या ठरेना. दोन्ही असेल. तुमच्याकडे एकाच भांड्यात दोन्ही असायचं.

तर हो, काम आहे, आणि यावेळी मी बढाई मारत नाही.

मागचं पत्र द्यायला बसस्थानकावर गेले होते. कुबातदादाची गाडी उभी होती आणि तो आपल्या कंट्रोलरशी वाद घालत होता. गाड्यांचा पुकारा करणारी बाई लेकीच्या बाळंतपणाला गेली ती परतलीच नाही, आणि तिच्या जागी बसवलेला मुलगा आपल्याकडच्या गावांची नावं अशी वाकडी बोलायचा, की माणसं चुकीच्या गाडीत बसायची. आदल्या दिवशी एक म्हातारा कोचकोरऐवजी तलासला निघाला होता. कुबातदादा म्हणाला, ही आमच्याकडची आहे, हिला म्हणायला लावा. मी तिथल्या तिथे सगळी गावं म्हणून दाखवली, आपल्या घाटातल्या मुक्कामांसकट.

कंट्रोलर म्हणाला, उद्या ये. मी हो म्हणणार होते. प्रत्येक ठिकाणी मी आधी हो म्हटलं होतं आणि नंतर एकेक गोष्ट लपवत राहिले होते. या वेळी मी आधी सांगितलं. मला लुपस आहे. डोक्यावरचा नळीचा दिवा बंद ठेवावा लागेल, त्याऐवजी साधा टेबलावरचा द्या. खिडकीला पडदा हवा. सकाळी आठला माझं अंग उघडत नाही, मी दहाला येईन आणि चारपर्यंत बसेन. महिन्यातून एखाद दिवस कदाचित येताच येणार नाही, तेव्हा त्या मुलाला ठेवून घ्या, मी त्याला नावं शिकवते.

त्याने विचारलं, "लागण होते का?"

"नाही."

"बोलायला त्रास होतो?"

"नाही. बोलायला होत नाही."

"मग बस की," तो म्हणाला आणि पडद्याचं माप घ्यायला गेला.

मला तिथेच रडू आलं. एवढंच होतं तर ते, आधी सांगणं. डॉक्टरीणबाईंनी काम ऐकून घेतलं, पडद्याचं विचारलं, खुर्चीचं विचारलं, आणि पहिल्यांदाच मला चहा दिला. वर हेही बजावलं, की आणखी एक जोराचा झटका आला तर मूत्रपिंडं जातील, तेव्हा हे काम हातचं घालवू नकोस. असं दुसरं मिळेलच असं नाही.

आता मी काचेच्या मागे बसते आणि दिवसभर लोकांना घरी पाठवते. नारीन, अत-बाशी, कोचकोर. मला कोणी बघत नाही, मी सगळ्यांना बघते. बायका सामान मोजतात, पोरं हरवतात आणि सापडतात, सासवा सुनांना शेवटच्या सूचना देतात. तीनला कोचकोरची गाडी पुकारताना माझा आवाज नेहमी जरा चढतो. कंट्रोलर म्हणतो, त्याच गाडीला का गं एवढं ओरडतेस. गाडी फाटकातून बाहेर पडेपर्यंत मी बघत बसते. मग पुढचा तासभर कोणतीच लांबची गाडी नसते.

अनारकुल


बिश्केक, १८ मे

जाऊबाई,

सासूबाईंचा फोन आला होता. या उन्हाळ्यात कुरणावर ये म्हणाल्या. घोड्या सोळा झाल्या आहेत, दिवसातून सहा वेळा धार, आणि तुमचं नाव घेऊन म्हणाल्या, सालकिन एकटी. मागचा हंगामही तिने एकटीने काढला. सालकिनचे हात आता उचलत नाहीत, म्हणाल्या. तू शहरात खुर्चीवर बसून बोलतेस त्याचे पैसे घेतेस, म्हणाल्या, आणि तोंड बघ कसं भरलंय. नाही आलीस तर या घरात तुझं काय काम, ते आम्हाला लेकाला विचारावं लागेल. तुमच्या दिरांनी काल फोन करून तेच सांगितलं. त्यांचं बोलणं नेहमीपेक्षा लांबलं, सात मिनिटं झाली.

मी येणार नाही.

हे वाक्य लिहून मी दोन दिवस पत्र तसंच ठेवलं होतं. एवढ्यावरच टाके घालून दिलं असतं, तर तुम्ही मला आळशी म्हटलं असतंत आणि प्रकरण मिटलं असतं. आळशी म्हणवून घ्यायला मी तयार होते. पण मग मला आयुष्यभर तुमच्याशी खोटं बोलावं लागेल, आणि खरं सांगण्यासारखं माझ्याजवळ तुमच्याशिवाय कोणी नाही. तेव्हा आता खाली बसा आणि वाचा.

मला ऊन चालत नाही. या आजारात ऊन विष असतं. वरच्या कुरणावरचं तर सगळ्यांत जास्त. सोळा घोड्यांची धार काढायला दिवसभर उघड्यावर उभी राहिले, तर पंधरा दिवसांत मी इस्पितळात असेन आणि तिथून कदाचित येणार नाही. टोपीने आणि रुमालाने भागत नाही, मी विचारून पाहिलं.

तुम्ही हुशार आहात. हे वाचून तुमचं मन कुठे जाईल ते मला माहीत आहे, म्हणूनच नौरोजच्या पत्रात लिहिलं नव्हतं. तुम्ही तळ्याकाठच्या वाळूपाशी जाल. डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं होतं, आजार एकदम उसळला त्याआधी काय झालं होतं? मी सांगितलं, तीन दिवस गरम वाळूत होते, भर उन्हात. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, कोणी नेलं होतं? मी म्हटलं, मीच गेले होते.

जाऊबाई, सांधे धरले की आपल्याकडे सगळे वाळूतच नेतात. तुमच्या आईला नेलं होतं, सासूबाईंना नेलं होतं, दोघी चालत परत आल्या. आजार दुसरा आहे हे तुम्हाला कोण सांगणार होतं, गावच्या डॉक्टरलाही कळलं नव्हतं. कोणी मुद्दाम केलं नाही. हे मी शंभरदा लिहीन, पण तुम्ही एकदाही मानणार नाही, तेही मला माहीत आहे.

पुढचंही सांगते. तळ्यावरून आल्यावर दहा दिवसांनी मी पडले. माझ्या सात घोड्या तुम्ही घेतल्या, तुमच्या सातांवर. सहावा महिना होता. शेवटच्या दिवशी दुपारी तुम्ही मला हाक मारत होतात. अनार, अनार, बादली धर. मी झोपलेली नव्हते. मला प्रत्येक हाक ऐकू आली. चार होत्या. उठता येत नव्हतं हे खरं आहे, पण ओ देता आली असती. मी ओ दिली नाही, कारण आदल्या दिवशी तुम्ही सफरचंदांचं बोलला होतात आणि मला राग आला होता. आणि दुसऱ्या दिवशी घोडीच्या दुधाचा कुमिस खाली नेणाऱ्या गाडीत बसून मी निघून आले. आठवड्याने तुमची मुलगी गेली, जन्माला यायच्या आधीच. सासूबाईंनी मला फोनवर सांगितलं, भरल्या बादल्यांनी झालं.

त्या चार हाकांना मी ओ दिली असती तर काही बदललं असतं का, ते मला माहीत नाही. बादली मला धरता आली नसतीच. पण तुम्ही थांबला असतात, आत येऊन माझ्या कपाळाला हात लावला असतात, ताप बघितला असतात. मग कदाचित भाऊजींना बोलावलं असतंत. हे मी रोज करून बघते, गोळी घेताना.

आता तुम्हाला सगळं माहीत झालं. तुमच्या मायेने माझं वाईट केलं आणि माझ्या रागाने तुमचं. मला तुमची क्षमा हवी आहे, ती मी मागते. पण ती मिळावी म्हणून मी कुरणावर येणार नाही. मला जगायचं आहे. हे लिहिताना मला लाज वाटते आहे, तरी लिहिते आहे.

सासूबाईंना माझा नकार तुम्ही सांगू नका, मी सांगेन.

अनारकुल


बसस्थानक, २ जून, दुपार

जाऊबाई,

हे पत्र कुबातदादाकडे जाणार नाही. तुम्ही माझ्यासमोर बसला आहात.

साडेअकराला त्याची गाडी आली आणि सगळ्यांत शेवटी तुम्ही उतरलात. मी टोकमोकची गाडी पुकारत होते, मध्येच थांबले, मग गावाचं नाव दोनदा म्हटलं. तुम्ही आवाज ओळखलात. वर भिंतीवरच्या भोंग्याकडे बघितलंत, मग काचेकडे. पडदा आहे, तुम्हाला मी दिसत नाही, पण पडद्याच्या फटीतून मला तुम्ही दिसता. तुम्ही खिडकीशी आला नाहीत. मधल्या बाकावर बसलात, मांडीवर गाठोडं, हातात माझं पाकीट. टाके तुम्ही कात्रीने कापलेले नाहीत, एकेक उसवलेत. एवढ्या लांबूनही मला कळतं.

किती बारीक झाला आहात.

कंट्रोलर येऊन म्हणाला, ती बाई तीन तास बसलीय, कुठलंच तिकीट काढत नाही, विचार जरा काय हवंय. मी म्हटलं, ती माझी जाऊ आहे. तो म्हणाला, मग जा की भेट. मी म्हटलं, चार वाजेपर्यंत माझी पाळी आहे. त्याने माझ्याकडे बघितलं आणि निघून गेला. पाळीचं खोटं नाही, तो शिकाऊ मुलगा आज आलेला नाही. पण मुलगा असता तरी मी उठले असते की नाही, शंका आहे. चाळीस पावलं आहेत. ती चालायचा मला धीर नाही. तुम्ही मला बोलायला आला आहात की मला न्यायला आला आहात, की नुसतं बघायला, ते कळत नाही. तुमची कुरणावर जायची वेळ आठवड्यावर आली आहे, घरात पन्नास कामं असतील, आणि तुम्ही इथे बसून माझ्याकडून नारीनच्या गाड्या ऐकता आहात.

मध्यंतरी एक गोष्ट झाली, ती लिहून ठेवते. बाराच्या सुमाराला वरच्या काचेतून ऊन उतरलं आणि तुमच्या बाकावर आलं. तुम्हाला ऊन आवडतं. धार काढून झाली की तुम्ही नेहमी उन्हाकडे तोंड करून बसायच्या. आज तुम्ही उठलात. गाठोडं घेऊन एका बाकाजवळ गेलात, वर बघितलंत, पुढे गेलात. दुसऱ्या बाकाजवळ थांबून पुन्हा वर बघितलंत. सगळं प्रतीक्षालय असं फिरून शेवटी जाड खांबामागच्या बाकावर जाऊन बसलात, जिथे दिवसभर ऊन येत नाही. फटीतून तुम्ही तिथेही मला दिसता. आणि गाठोडं शेजारच्या जागेवर ठेवलंत. एक माणूस बसायला आला, त्याला तुम्ही काहीतरी सांगून उठवलंत.

तेव्हापासून मी रडते आहे. मधूनमधून पुकारा करते.

आता तीनला पाच कमी आहेत. कोचकोरची आजची शेवटची गाडी. ती गेली की उद्या सकाळपर्यंत दुसरी नाही. मला ती पुकारावी लागेल, ते माझं काम आहे. तुम्हाला जायचं असेल तर जा, मी राग धरणार नाही. राग धरण्याची माझी ऐपत संपली आहे.

पुकारली. कुबातदादाने भोंगा वाजवला आणि दारात येऊन तुम्हाला हात केला. मी दुसऱ्यांदा पुकारली. आवाज चढला नाही, उलट बसला. नियमाने दोनदाच पुकारायची असते. मी तिसऱ्यांदा पुकारली, सावकाश, वाटेतल्या सगळ्या गावांसकट, म्हणजे नंतर तुम्ही म्हणायला नको की ऐकू आलं नाही.

तुम्ही कुबातदादाला हाताने, जा, असं सांगितलंत.

गाडी गेली. तुम्ही खांबामागे बसला आहात. गाठोडं उचलून मांडीवर घेतलं आहे आणि शेजारची जागा रिकामी केली आहे. चार वाजायला पंचावन्न मिनिटं आहेत.